झाडाच्या वयाची तिथी



पौष सरत आला की आपल्या जिल्ह्यात एकच विषय असतो, मोहोर. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत जो भेटेल तो थंडी, तुडतुडा आणि ढगाळ हवा यांवरच बोलतो. आज मात्र मी फवारणीचे वेळापत्रक देणार नाही. दर वर्षी सांगतो आणि फारसे कोणी ऐकत नाही, अशी एक गोष्ट आज पुन्हा सांगणार आहे. त्यासाठी तुम्हांला जरा दूरच्या वाटेने न्यावे लागेल.

गोष्ट साधी आहे. नवीन लावलेले हापूसचे कलम पुष्कळदा दुसऱ्या वर्षीच मोहोरते. कलमाची काडी मोठ्या, फळत्या झाडावरून घेतलेली असते. तिला आपण लहान आहोत याचे भान नसते. खालचे मूळ मात्र कोवळ्या कोयीचे असते. त्या वयात फळ धरले तर झाडाची ताकद फळात जाते, फांद्या आणि मुळे मागे राहतात आणि झाड खुरटते. म्हणून पहिली तीन-चार वर्षे मोहोर येईल तसा खुडून टाकावा, असे आम्ही सांगतो. तुम्ही मान डोलावता आणि आम्ही पाठ फिरवल्यावर मोहोर ठेवता.

काही वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातील एका वाडीवर गेलो होतो. घरात एकट्या काकी. मुलगा मुंबईला. काकींनी अंगणाच्या कडेला पाच कलमे लावली होती आणि दुसऱ्याच वर्षी दोन कलमांवर मोहोर आला होता. मी म्हटले, "काकी, ह्यो मोहोर खुडूक व्हयो. तीन वर्सां फळ धरू नुको."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तीन वर्सां मी ऱ्हवतलंय काय रे? ह्या झाडाचो एक आंबो माज्या हातान देवाक ठेवीन म्हणान लावलंय."

माझ्याजवळ शास्त्राचे उत्तर होते. काकींना देण्याजोगे उत्तर नव्हते. चहा पिऊन मी निघालो. वाटेत मला आठवण झाली ती नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील, अलिबाग तालुक्यातील एका घराची.

ते घर बेने इस्राएल मंडळींचे होते. ही मंडळी धर्माने यहुदी, आपण ज्यांना ज्यू म्हणतो ते. आणि भाषेने, पोशाखाने, आडनावाने तुमच्याआमच्यासारखी कोकणी. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे, गावावरून पडलेली. त्यांच्यांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकिकत अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. बुडालेल्यांना नवगावला मूठमाती दिली. ती जागा आजही तेथे मानाने दाखवतात.

वाचलेली माणसे गावोगाव पांगली आणि त्यांनी तेलाचा घाणा धरला. पोथ्या नव्हत्या, तरी थोड्या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, "शमा" ही एक प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना "शनवार तेली" म्हणू लागले. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा न धरणारे ते "सोमवार तेली". कोणाला कोणाचे नवल वाटत नसे.

त्यांच्या धर्मग्रंथात विश्रांतीची आज्ञा आहे, ती केवळ माणसाला नाही. घरातील चाकर, बैल, गाढव, सगळे जितराब यांनाही त्या दिवशी सुटी द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. घाण्याभोवती डोळे बांधून फिरणाऱ्या बैलाला आठवड्यातून एक दिवस गोठ्यात निवांत उभे राहता आले, ते या आज्ञेमुळे. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, हाही नियम त्याच ग्रंथातला.

त्या घरी मला बोलावले होते ते मलिद्याला. मलिदा म्हणजे त्यांचा नवस फेडण्याचा किंवा मंगलकार्याचा विधी. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा एकत्र करून परातीत रास घालतात आणि भोवती फळे मांडतात. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, याच्या नावाने गाणे म्हणतात. जगातील इतर यहुद्यांतही एलियाला मान आहे. पण पोहे-खोबऱ्याचा हा मलिदा कोकणातल्या या मंडळींचा. त्यांचे शास्त्र गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर अशी सात पिके आपल्या पुण्यभूमीची म्हणून सांगते. त्यांतले कोकणात काय पिकणार? मग त्यांनी आपल्या खाचरातले पोहे आणि आपल्या माडाचा नारळ देवापुढे ठेवला.

फळे खाण्यापूर्वी आशीर्वचने म्हटली जात होती. झाडाच्या फळासाठी एक, जमिनीच्या फळासाठी दुसरे. माझे लक्ष केळ्याकडे गेले. केळे त्यांनी झाडाच्या फळांत न धरता जमिनीच्या फळांत धरले. मी शेजारच्या वृद्ध काकांना विचारले, "काका, केळे इकडे कसे?"

ते हसून म्हणाले, "अहो साहेब, तुम्ही शेतकीचे, आणि मला विचारता? केळ म्हणजे झाड आहे का? एकदा घड दिला की ती गेली. पुढच्या वर्षी त्याच खोडाला फळ येत असेल तर ते झाड."

मी गप्प झालो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आम्ही हेच शिकलो होतो. केळीचे जे खोड दिसते ते खरे खोड नाही, पानांच्या देठांची ती एकमेकांवर बसलेली आवरणे आहेत, खरा कंद जमिनीत असतो. आम्हांला ते परीक्षेसाठी पाठ करावे लागले. या मंडळींना तोंडात घास घालण्यापूर्वी ते रोज ठरवावे लागत होते. समोर आलेले फळ कोठून आले, झाडावरून की भुईतून, याचा विचार केल्यावाचून खायचे नाही!

त्याच काकांनी मला झाडांच्या नववर्षाची गोष्ट सांगितली. यहुद्यांचे महिने चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतात. आपल्या अधिक मासासारखेच हे. त्यामुळे त्यांचे सण आपल्या पौर्णिमांच्या जवळपास येतात. त्यांचा पुरीम हा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून जुनी बेने इस्राएल मंडळी त्याला "होळीचा सण"च म्हणत. एका सणाला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करीत, तो "खिरीचा सण". जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाच्या दिवशी वालाचे बिरडे खात, म्हणून तो "बिरड्याचा" दिवस. नावे आपल्या स्वयंपाकघरातली, स्मरण हजारो कोस दूरच्या भूमीचे.

त्यांच्या शवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे झाडांचा वर्षारंभ. ही तिथी बहुधा आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास पडते. त्यांच्या मूळ देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. या तिथीपर्यंत पावसाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो आणि झाडांत नवा रस चढू लागतो, म्हणून हा दिवस. बदामाला तिकडे तेव्हा फुले येतात, आपल्याकडे आंब्याला मोहोर असतो. तिथी कोणती धरावी यावर त्यांच्या पंडितांत वादही झाला होता. एक पक्ष महिन्याची पहिली तिथी म्हणे, दुसरा पंधरावी. पंधरावी ठरली. इसवी सनाच्या सुमारे २०० मध्ये सिद्ध झालेल्या त्यांच्या "मिश्ना" या ग्रंथात हा वाद नोंदलेला आहे.

या दिवशी अलिबाग भागातील मंडळी सागावजवळ खंडाळे येथे जातात. घाटातले खंडाळा ते निराळे. तेथे एक कातळ आहे. एलिया प्रेषित येथून रथात बसून स्वर्गाला गेला आणि त्या कातळावर घोड्याच्या टापांची व रथाच्या चाकाची खूण उमटली, अशी श्रद्धा आहे. तेथे मलिदा करतात. एका यहुदी प्रेषिताची पावले कोकणच्या कातळावर! आपल्या सड्यावरच्या पांडवांच्या गोष्टी आठवा, म्हणजे यात परके काही वाटणार नाही.

पण वाचकहो, झाडांच्या वर्षारंभाची गरजच काय पडली? येथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. त्यांच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे की, नवीन फळझाड लावले तर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खाऊ नये. चौथ्या वर्षीचे फळ पवित्र. ते जेरुसलेमला नेऊन देवाच्या स्तुतीत, आनंदाने खावे. पाचव्या वर्षापासून फळ मालकाचे. आता आलेले फळ तिसऱ्या वर्षाचे की चौथ्या, हे कसे ठरवायचे? कोणी श्रावणात लावले, कोणी भाद्रपदात. म्हणून सगळ्यांसाठी एक तिथी ठरवावी लागली. झाडाचे वय मोजण्याची तिथी!

मी जे मोहोर खुडण्याबद्दल सांगतो, ते आणि ही आज्ञा अगदी एकच नाहीत, हे मला ठाऊक आहे. आज्ञा खाण्याला बंदी करते; मी फळ धरूच नका म्हणतो. आज्ञेचे कारण भक्ती आहे, माझे कारण मुळांची वाढ. तरी दोन्ही वाटा एका गोष्टीपाशी येतात. झाड मी लावले म्हणून ते लगेच माझे होत नाही. आधी त्याला स्वतःचे व्हायला वेळ द्यावा लागतो, मग देवाचा वाटा, मग माझा.

हात आवरण्याची ही शिस्त त्यांच्या शेतीत सर्वत्र दिसते. शेत कापताना कडेचा कोपरा गरिबांसाठी उभा ठेवायचा. पुण्यभूमीतील जमीन सातव्या वर्षी पडीक ठेवायची. तेव्हा आपोआप उगवेल ते सर्वांचे, गुराढोरांचे आणि रानातल्या प्राण्यांचेही. २०२१-२२ हे असे सातवे वर्ष होऊन गेले. लढाईत शत्रूच्या शहराला वेढा घातला तरी त्याची फळझाडे तोडायची नाहीत. हे वाचताना रामचंद्रपंत अमात्यांचे "आज्ञापत्र" आठवल्यावाचून राहत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय आहे. रयतेने आंबा-फणसाची झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात, ती बळजबरीने तोडू नयेत, असे तेथे बजावले आहे. जेथे सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग उभा आहे त्या आपल्या किनाऱ्याला हे सांगायला नको. आणि १ जून ते ३१ जुलै आपल्या होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, ती बंदी तरी काय आहे? समुद्राला दिलेली सुटीच की! मासळीच्या पोटातली अंडी आपली नव्हेत, पुढल्या हंगामाची आहेत, हे मालवणच्या रापणकाराला कायद्याच्या आधीपासून कळत होते.

आणखी एक गंमत सांगतो. त्यांच्या मांडवाच्या सणाला, सुक्कोथला, फांद्यांचे छप्पर घालून मंडपी करतात. छप्पर असे की, रात्री त्यातून तारे दिसावेत. चतुर्थीला आपण रानफळांनी माटवी सजवतो, तिची आठवण यावी असेच ते असते. हा सण पुष्कळदा आपल्या कोजागिरीला सुरू होतो. त्या वेळी हातात धरायच्या चार वनस्पतींत एक फळ आहे, ते आपले महाळुंग. होय, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच! महाळुंगाचे मूळ हिमालयाच्या पायथ्याकडचे. जेरुसलेमजवळ रामत राहेल येथे एका जुन्या राजबागेच्या गिलाव्यात त्याचे परागकण सापडले आहेत, ते इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातले. म्हणजे हे फळ इकडून इराणमार्गे तिकडे गेले आणि तेथे देवापुढे मानाचे झाले. दुसऱ्या लिंबाच्या खुंटावर कलम केलेले महाळुंग मात्र त्यांच्या शास्त्राला चालत नाही. झाड आपल्याच मुळावर उभे हवे. आम्हां कलमवाल्यांना हे ऐकून जरा ओशाळल्यासारखे होते.

सुक्कोथच्या अखेरीस त्यांच्या प्रार्थनेत पावसाचे स्मरण सुरू होते. तो पाऊस जेरुसलेमच्या शेतांचा. आपल्याकडे तेव्हा भात कापणीला आलेले असते आणि आपण पाऊस नको म्हणून हात जोडत असतो. कोकणात राहून, भाताच्या लोंब्यांकडे बघत, दुसऱ्या भूमीच्या पावसाची आठवण करायची; हे शेकडो मैलांचे नाते त्यांनी कसे सांभाळले असेल, याचा मला अजून अचंबा वाटतो.

१९४८ मध्ये इस्राएल देश स्थापन झाला आणि पुढच्या काळात ही मंडळी हजारोंनी तिकडे गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतातील सर्व यहुद्यांची संख्या २६ हजारांवर होती. २०११ च्या जनगणनेत ती ५ हजारांच्या आत आली. कोणी त्यांना हाकलले नव्हते. त्यांना त्यांची भूमी बोलावीत होती. तिकडे जाऊनही त्यांनी मराठी सोडली नाही. "मायबोली" नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघाले आणि मलिदा अजूनही पोहे-खोबऱ्याचाच होतो. इकडे अलिबाग, पेण, रेवदंड्याची प्रार्थनाघरे उभी आहेत. रेवदंड्याचे १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे. मी पाहिलेल्या काही घरांना कुलपे होती आणि परसात माड, आंबा, चिंच उभी होती. लावणारा गेला, झाड राहिले.

हे दृश्य आपल्या ओळखीचे नाही का? आपल्या प्रत्येक वाडीत दोन-चार घरे चतुर्थीपुरती उघडतात. चाकरमानी येतो, अंगण झाडतो, दिवे लावतो, परत जातो. मागे राहतात म्हातारी माणसे आणि झाडे. म्हणूनच काकींचा प्रश्न एकट्या काकींचा नव्हता. जो खाणार नाही त्याने लावायचे कशाला आणि थांबायचे कशासाठी?

यावर त्यांच्या तालमूद ग्रंथात एक गोष्ट आहे. एक म्हातारा माणूस कॅरोब नावाचे शेंगांचे झाड लावीत होता. होनी नावाच्या साधुपुरुषाने विचारले, "याला फळ किती वर्षांनी येईल?" म्हातारा म्हणाला, "सत्तर वर्षांनी." "तू सत्तर वर्षे जगशील?" त्यावर म्हाताऱ्याचे उत्तर अशा अर्थाचे होते: मी जन्मलो तेव्हा जगात ही झाडे होतीच. ती माझ्यासाठी कोणीतरी लावली होती. आता मी पुढच्यांसाठी लावतो.

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा काकींना मी ही गोष्ट सांगितली. शनवार तेल्यांची, केळ्याची आणि तीन वर्षांच्या आज्ञेचीही. त्या मन लावून ऐकत होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, "तेंचो देव पण वाडयेतलोच दिसता." नंतर आम्ही दोघांनी मिळून मोहोर खुडला. म्हणजे खुडला त्यांनी, मी टोपली धरली. एका कलमाच्या आतल्या बाजूला एक तुरा पानांआड राहिला होता. मला दिसला. काकींनाही मी पाहिले ते दिसले. दोघेही काही बोललो नाही. पुढे त्यावर एक आंबा धरला. तो कोणत्या देवापुढे गेला, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

चौथ्या वर्षी पाचही कलमे नीट डेरेदार झाली होती. त्यांचा पहिला आंबा ग्रामदेवतेपुढे गेला, नंतर शेजारच्या पोरांना, मग मुंबईला. काकींनी तो स्वतःच्या हाताने ठेवला. मी पाहिले आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या पौर्णिमेला एक काम करा. गेल्या तीन-चार पावसाळ्यांत लावलेल्या प्रत्येक कलमाजवळ जा. लागवडीचे वर्ष वहीत लिहा. वही नसेल तर मागल्या दाराच्या भिंतीवर कोळशाने लिहा. तीन वर्षे पुरी झाली नसतील तर मोहोर हाताने, देठापासून खुडा, फांदी ओरबाडू नका. कलमाच्या सांध्याखाली खुंटाला फुटलेले धुमारे काढा. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. बुंध्याला वाळवी आहे का पाहा. घरात वृद्ध माणूस असेल तर त्याला बरोबर घ्या, आणि नातवंडालाही. त्याला झाडाचे वय विचारा, म्हणजे पुढे तो मोजत राहील.

आणि एखादा तुरा पानांआड राहिलाच, तर त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.